भिंतीपलीकडे आधी होणारा गोल

१७ नोव्हेंबर

आला एकदाचा टीव्हीचा बॉक्स! साबणाच्या वडीएवढा. "एवढ्याशा डबीत अख्खा वर्ल्डकप मावणार?" — रुकिया. बायकोला यंत्रं समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

मंजेरीहून कंपनीचा जिनेश स्वतः येऊन लावून गेला. छपरावर ताटली नाही, खांबावरून केबल नाही, सगळं इंटरनेटवरून. चित्र असं की खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसावा! जिनेश म्हणाला, "अलविक्का, आता मॅचला अख्खी गल्ली तुमच्याकडे." मी नुसतं हसलो. पण मला हेच तर हवं होतं! गेल्या फुटबॉल वर्ल्डकपला गल्ली भिंतीपलीकडे होती, हम्सा इक्काकडे. माझा सख्खा थोरला भाऊ; आमच्यात मोठ्या माणसाला दादासारखं इक्का म्हणतात. त्याचा टीव्ही, त्याच्या घरची केळ्याची तळलेली उन्नक्काया, त्याच्या अंगणात चपलांचा ढीग. आणि मी इथे एकटा, रुकियाला ऑफसाइड समजावत बसलेलो.

छत्र्यांचं दुकान आता पावसाळ्यापर्यंत झोपलेलंच. यंदा बघतो.

१९ नोव्हेंबर

भिंत रंगवली. आपली बाजू निळी-पांढरी, अर्जेंटिना. पलीकडूनही ब्रशचा आवाज येत होता, म्हणजे इक्का त्याची बाजू पिवळी करत होता. तो जन्माचा ब्राझीलवाला. दोघे भाऊ, मध्ये भिंत, खसाखसा खसाखसा. शब्द एक नाही.

भिंतीच्या माथ्याला मात्र दोघांनीही हात लावला नाही. गेल्या वर्ल्डकपला भांडण तिथेच तर पेटलं! मी माथा निळा केला, त्याने पिवळा केला, मी परत निळा केला. तेव्हा वडिलांचं नाव काढून तो म्हणाला, "उप्पांनी भिंत बांधली तेव्हा तू पाळण्यात होतास." मी म्हणालो, "आणि तू काय गवंडी होतास?" झालं! तेव्हापासून बोलणं बंद. ईदच्या नमाजानंतर मिठी मारतो, रिवाज आहे म्हणून. तोंड शिवलेलं.

बायकांना याचं काही नाही. रुकिया आणि इत्तात्ता — इक्काची बायको — यांची माशाच्या कालवणाची पातेली भिंतीवरून जात-येत असतात. मी खातो. कालवणाशी माझं भांडण नाही.

२० नोव्हेंबर

उद्घाटनाची मॅच. बॉक्सवर स्वयंपाकाची चॅनेल आहेत, मासेमारीचं आहे, कोरियन लोक रडतात ते आहे. फुटबॉल नाही! फोन लावला. बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि बासरी लावून निघून गेली. बासरी ऐकत जेवलो. शेवटी जिनेश: "इक्का, खेळांचा पॅक वेगळा असतो, सांगायचं राहिलं."

पॅक घेतला. मग पडद्यावर एक गोल फिरायला लागला. आजचा पहिला गोल तोच.

२२ नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

दुपारची मॅच, आमची पहिली, समोर सौदी. माणसं मावत नव्हती! वेलायुधन मास्तर — शाळेत ड्रिल शिकवायचे — पुढच्या खुर्चीत. पोक्कर न्हावी दुकानाला कुलूप लावून आलेला. रुकियाने पत्तिरी, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्या, आणि बीफचा रस्सा केलेला. मी मधोमध, नवऱ्या मुलासारखा.

आम्हाला पेनल्टी मिळाली. आमचा माणूस अजून चेंडू ठेवतोय, तोच भिंतीपलीकडून — "छ्या!" पोक्कर म्हणाला, "हम्साक्काला काय झालं?" इकडे गोल झाला. आम्ही नाचलो. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मध्यंतरानंतर चेंडू आमच्या पायात, सगळं छान चाललेलं, आणि भिंतीपलीकडे आरोळी! मागून फटाके! खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांचा पत्तिरीचा हात हवेतच. आणि मग हळूच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सौदीने गोल केला. थोड्या वेळाने परत आरोळी. परत गोल. शेवटी शेवटी तर टीव्हीकडे कुणी बघेना, सगळ्यांच्या माना भिंतीकडे! पोक्कर म्हणाला, "अलविक्का, वीज वाचवा. टीव्ही बंद करा. हम्साक्का सांगतोच आहे."

हरलो. मास्तर म्हणाले, जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो. मोकळी हवा इक्काच्या अंगणात आहे, हे मला गच्चीवरून दिसलं.

अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

२३ नोव्हेंबर

मंजेरीला जाऊन जिनेशला धरला.

"चित्र आधी आकाशात जातं इक्का, मग कंपनीत, मग त्याचे तुकडे करून इंटरनेटवरून तुमच्याकडे. वेळ लागणारच."

"आणि आमच्या इक्काची ती मोडकी केबल?"

"ती जुनी आहे ना, तिला एवढं काही करावं लागत नाही. लवकर पोचते."

"म्हणजे नवीन आहे म्हणून उशिरा?"

"पण क्लिअर येतं इक्का!"

तक्रार नोंदवून घेतली. अर्ध्या तासात मोबाइलवर निरोप: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

२४ नोव्हेंबर

उशीर मोजला. पलीकडे केबलवर बातम्यांचं संगीत वाजलं की पत्तिरी मोडायची, रश्श्यात बुडवायची, खायची, बोटं चाटायची. मग माझ्याकडे वाजतं. खात्री करायला बरेचदा मोजलं. रात्री जेवलो नाही.

२८ नोव्हेंबर

आज जे झालं ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे.

ब्राझीलची मॅच. खिडक्या बंद केल्या, पंखे जोरात, टीव्हीचा आवाज चढवला, आतल्यांना पलीकडचं काही ऐकू येऊ नये म्हणून. पत्तिरीच्या लोभाने मास्तर, पोक्कर आणि चार जण परत आले होते. मी मात्र "आत फार उकडतंय" म्हणत मागच्या दारात उभा राहिलो, भिंतीकडे कान लावून.

इक्का गरजला! मी आत वाकून शांतपणे म्हणालो, "आता ब्राझील गोल करणार." केला! सगळे थक्क. पडद्यावर खेळाडू नाचत असतानाच पलीकडून एकदम इक्काची बोंब — "अरे देवा, कसला ऑफसाइड!" मी आत येऊन म्हणालो, "पण हा गोल देणार नाहीत." नाही दिला! पोक्करने माझ्याकडे असं बघितलं की मलाच भीती वाटली. पुढे खरा गोलसुद्धा सांगितला.

जाताना मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. "अलवी, हे कधीपासून होतंय तुला?" म्हटलं, "लहानपणापासून."

२ डिसेंबर

गल्लीत मला औलिया म्हणतात. चपलांचा ढीग आता माझ्या दारात! मास्तर लॉटरीचा आकडा विचारून गेले. पोक्करने दाढीचे पैसे घेतले नाहीत, उलट त्याच्या वहिनीला मुलगा होईल की मुलगी ते विचारलं.

रुकिया म्हणाली, "लाज वाटत नाही? भावाच्या ओरडण्यावर पीरपण चाललंय तुमचं."

म्हटलं, "चार वर्षांत त्याचा हा एवढाच उपयोग झाला."

असं बोलायला नको होतं बहुतेक. ती भांडी आपटत गेली.

९ डिसेंबर

ब्राझील हरला!! क्रोएशियाकडून, पेनल्टीवर! हरल्याचं मला आधी कळलं. पलीकडे आधी काहीतरी फुटल्याचा आवाज, मग इक्का मोठ्याने रडतो तसा आवाज, मग काहीच नाही. आत येऊन मी भविष्य सांगितलं. पडद्यावर तसंच घडलं आणि मी फटाक्यांची अख्खी माळ भिंतीला लावून उडवली. सौदीच्या दिवसाची परतफेड!

माळ संपली. पोक्करही हसला नाही.

१० डिसेंबर

इक्का बाहेर आला नाही. काल जेवला नाही, सकाळचा चहा नाही, नमाजसुद्धा घरीच. इत्तात्ताने भिंतीवरून रुकियाला सांगितलं.

आणि आमच्या बाईसाहेबांनी बदल्यात काय सांगावं? सगळं! आमच्या टीव्हीवर उशिरा येतं, इक्का ओरडला की आमच्या मॅचचा विचका होतो, पहिल्या दिवशी माणसं कशी उठून गेली, सगळं!

"घरातली गोष्ट बाहेर सांगायची गरज काय होती?" मी ओरडलो.

"बाहेर कुठे? भावाच्याच घरी सांगितली."

आता काय, संपलंच. कळलंय त्याला. आता भोंगा आणून ओरडेल.

१४ डिसेंबर

सेमीफायनल जिंकलो! पण पलीकडून आवाज नाही. हूं की चूं नाही. मी मागच्या दारात ताटकळलो, मग नाइलाजाने स्वतःच्या अकलेने सांगितलं, "क्रोएशियाचा गोल येतोय." आला आमचा. परत सांगितलं, "आता मात्र त्यांचा." परत आमचा. मास्तर म्हणाले, "औलिया दमले आज."

इक्का झोपला असेल. इतक्या रात्रीची मॅच.

१६ डिसेंबर

मशिदीत लांबून दिसला. वाळलाय. खांद्यावरचा पंचा गळ्याभोवती गुंडाळलेला, थंडी वाजल्यासारखा. आमच्याकडे कसली आलीय थंडी!

सलाम करावा असं मनात आलं. जोडा शोधण्यात वेळ गेला, तोवर तो निघून गेला.

१८ डिसेंबर, फायनल

हाफ टाइम. सगळे चहा पितायत, म्हणून पटकन लिहितो. दोन गोल! दोन्ही आमचे! घर दणाणतंय. पण पलीकडून "छ्या" नाही. दोन्ही वेळा नाही. पेनल्टीच्या वेळी मी भिंतीला कान लावून उभा होतो. टीव्ही चालू आहे, ऐकू येतंय. माणसाचा आवाज नाही.

रुकियाला विचारलं, इत्तात्ता काही बोलली? "ती माहेरी गेलीय, सकाळीच. तेच एकटे आहेत."

एकटा आहे!

नव्वद मिनिटं संपली. फ्रान्सने दोन गोल फेडले, एकापाठोपाठ एक. घरात सुतक. मला त्याचं काही वाटत नाहीये. असं कसं लिहितोय मी? पण खरं आहे. कारण पलीकडून आरोळी नाही आली! आमच्या तोंडचा कप काढून घेतायत, आणि ब्राझीलवाला, माझा भाऊ, ओरडत नाही? ताप असता तरी ओरडला असता. उप्पा गेले त्या आठवड्यातसुद्धा हा मॅच बघून ओरडला होता, मग तोंड झाकून रडला होता. तो गप्प बसूच शकत नाही. उठता येत असेल तर ओरडेलच.

हाका मारल्या. "इक्का!" — चार वर्षांत पहिल्यांदा. उत्तर नाही. फाटक आतून बंद आहे. पोक्कर म्हणतो, "अहो बसा, एक्स्ट्रा टाइम सुरू झाला." खड्ड्यात गेला एक्स्ट्रा टाइम.

नारळाची शिडी काढतो.

१९ डिसेंबर

शिडीवरून भिंतीच्या माथ्यावर पोचलो, एक पाय इकडे, एक तिकडे. इक्काची खिडकी उघडी. तो खुर्चीत ताठ बसलेला. पडद्यावर आमचा तिसरा गोल झाला आणि तो पाय आपटत अर्धा उठला, डोळे बाहेर आलेले, चेहरा लालबुंद — आणि तोंडात पंचा! अख्खा कोंबलेला, वरून दोन्ही हात दाबून धरलेले.

मग त्याने मला पाहिलं. पंचा ओढून काढला.

"अलवी! तू इथे काय करतोस? पळ, घरी पळ! तुझ्याकडे अजून झाला नाहीये, पोचशील!"

नाही गेलो. तिथेच बसून राहिलो, माथ्यावर. मग मागे, माझ्या घरात, गोल झाला.