व्याह्यांच्या चष्म्यावरील स्वामित्वहक्क

तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दाजी, मुक्काम धानोरा, यांचे सेवेशी,

आपला धाकटा मेहुणा रतिलाल, कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून, आपणांस नमस्कार करतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती पुढे येईलच. आपला उजवा गुडघा आता मांडी घालू देतो की नाही, आणि डोळ्यांत टाकण्याचे औषध आपण वेळेवर टाकता की नाही, ते सविस्तर कळवावे. आमच्या वडील भगिनी सौ. धनुबाई यांची प्रकृती मी विचारीत नाही. मागील आठवड्यात त्यांचा आवाज फोनवर ऐकला. तो उत्तम होता, किंबहुना फोन नसता तरी तापी ओलांडून इकडे आला असता. पत्र टपालाने पाठविण्याचे कारण हेच, की आपला फोन त्यांच्याच कमरेच्या पिशवीत असतो. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र आपण त्यांना मोठ्याने वाचून दाखवाल, हे मी गृहीत धरतो. मात्र जी वाक्ये कंसात आहेत ती आपण मनात वाचावीत आणि तेवढा वेळ खोकावे.

हकीकत मुळापासून सांगतो. मागच्या मार्गशीर्षात शहाद्यातील एका वाचनालयाने साठीपुढील नागरिकांसाठी दर शनिवारी वर्ग सुरू केला. मोबाइलवर चित्रण करणे, ते कापणे-जोडणे, इंटरनेटवर चढविणे आणि डिजिटल स्वामित्वहक्क, असे चार विषय. जाहिरातीत 'शिक्षणाची अट नाही' असे छापले होते. ते मला रुचले नाही. मी अर्जावर 'चौथी उत्तीर्ण, केंद्रात प्रथम' असे लिहिले आणि 'अट नसली तरी अर्जदार ती पूर्ण करतो' अशी तळटीप जोडली. (त्या वर्षी केंद्रात अकराच मुले बसली होती, हे धनुबाई सांगतीलच, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.) शिक्षिका ममताबाई वयाने आमची नात रुपा हिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील, परंतु मी त्यांना उभा राहून उत्तर देतो. माझ्या शेजारच्या बाकावर जहीरभाई बसतात. ते एसटी स्टँडजवळ चाळीस वर्षे शिवणकाम करून निवृत्त झाले. वर्ग संपताना प्रत्येक विद्यार्थ्याने 'मी काय शिकलो' यावर दोन पानांचे मनोगत द्यावयाचे आहे. हे पत्र म्हणजे त्याचा कच्चा मसुदा समजावा. फरक एवढाच की मनोगतात मी शिकलेले येईल आणि यात घडलेले.

पहिला अभ्यास म्हणून मी आपल्या केळीच्या बागेत उभे राहून 'केळीचे खोड व तरुण पिढी' या विषयावर नऊ मिनिटांचे भाषण चित्रित केले. पहिल्या प्रयत्नात सबंध नऊ मिनिटे माझा अंगठाच दिसत होता, परंतु भाषण निर्दोष असल्याने मी ते दुसऱ्यांदाही तितक्याच तन्मयतेने केले. ते इंटरनेटवर चढविले आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो माझे ओठ हलत आहेत आणि आवाज नाही! शेजारच्या शेतात फुलसिंगचा ट्रॅक्टर उभा होता आणि त्यावर कुठलेसे सिनेमाचे गाणे लागले होते. त्या गाण्याच्या मालकाने, कोण कुठला तो मनुष्य, माझी नऊ मिनिटे मुकी करून टाकली. मी संतापून ममताबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजाविले, की जो निर्मितो तो मालक, आणि मालकाला विचारल्यावाचून घेऊ नये. दाजी, हे तत्त्व ऐकून माझा राग जागच्या जागी विरघळला. ज्याचे त्याला, हेच तर मी सोसायटीचा चेअरमन असताना एकोणीस वर्षे सांगत होतो! (ऐकत कोणी नव्हते, ते वेगळे.) मी मनाशी ठरविले की यापुढे या शास्त्राचा पाईक व्हावयाचे.

पुढे माघात आमच्या रुपाचा साखरपुडा झाला. आपण होतातच, परंतु आपण जिलबीच्या पंगतीत मग्न होता, म्हणून घडले ते लिहितो. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे व्याह्यांची पंगत बसली की बायकांनी त्यांच्यावर गाणे रचावयाचे आणि व्याह्यांनी रागावल्याचे सोंग करीत हसावयाचे. आमचे नवे व्याही नवनीतभाई, तळोद्याकडचे, मोठा सज्जन माणूस. त्यांनी जेवताना चष्मा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि वाढणाऱ्याने नेमकी त्यावरच जिलबी वाढली. त्यांचा हात धुऊन होईपर्यंत धनुबाईंचे गाणे तयार होते:

याही उना थाटमा,
चष्मा इसरना ताटमा,
जिलबी समजी चावी टाका,
दात ऱ्हायना हातमा!

मांडव हसून लोळला. नवनीतभाईंनी तर उपरणे तोंडावर घेतले. मी हे सर्व चित्रित केले, घरी येऊन कापले-जोडले, आणि गाण्याखाली अक्षरे देताना ती शुद्ध केली: 'व्याही मोठ्या थाटामाटाने आले, त्यांना ताटात ठेवलेल्या उपनेत्राचे विस्मरण झाले.' यमक थोडे गेले, परंतु भाषा सावरली. शेवटी नावाचा रकाना आला. तेथे 'रचना, शुद्धीकरण व संकलन: श्री. रतिलाल पाटील, माजी चेअरमन' असे लिहिले. (रकाना एकच होता, दाजी. आणि भरावयाचा होता. मी रिकामा रकाना आजवर सोडलेला नाही.)

महिनाभरात माझे चित्रण त्रेचाळीस वेळा पाहिले गेले. त्यांपैकी तीस वेळा मी पाहिले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आणि एके दिवशी पाहतो तो तेच गाणे, तेच हसणे, दुसऱ्याच एका चॅनेलवर, आणि पाहणारे अकरा हजार! चॅनेलला मनुष्याचे नाव नाही, नुसते एका फुलाचे चित्र. मी ममताबाईंनी शिकविलेला तक्रारीचा नमुना उघडला. 'आपण या कृतीचे मालक आहात काय?' असे त्यात विचारले होते. मी 'होय' वर खूण केली. 'हे सद्भावनेने सांगता काय?' तेथेही खूण केली. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पूर्वीचे पद. दोन दिवसांत चित्रण नाहीसे झाले! त्या शनिवारी मी वर्गात पेढे वाटले. ममताबाईंनी पेढा घेताना विचारले, "आजोबा, पण ते चॅनेल कोणाचं होतं?" मी उत्तर दिले की चोराचे नाव विचारण्याची आपली रीत नाही.

ते नाव सायंकाळी फोनवरून स्वतःच बोलले. चॅनेल नवनीतभाईंचे होते. त्यांनी ते आपल्या बाजूच्या माणसाकडून स्वतंत्र चित्रित करविले होते आणि आपलीच फजिती कौतुकाने साऱ्या गोतावळ्याला धाडली होती. त्यात रुपाच्या बोटात अंगठी घातली तो प्रसंगही होता. त्यांच्या मातोश्री शहाण्णव वर्षांच्या आहेत, अंथरुणावरून उठत नाहीत, साखरपुड्याला येऊ शकल्या नाहीत. दुपारच्या जेवणानंतर हे गाणे पाहून एकदा पोटभर हसायचे आणि मग झोपायचे, असा त्यांचा क्रम होता. आता त्या झोपत नाहीत. नवनीतभाई मला म्हणाले ते शब्द मी शुद्ध करीत नाही, कारण करून पाहिले, होत नाहीत: "रतिलालभाई, चष्मा मन्हा, दात मन्हा, हसं मन्हं झायं, आन् मालक तुम्ही?"

चेअरमन असताना मी असल्या वेळी विषय पुढील सभेवर ढकलीत असे. व्याह्यांनीच पुढे सांगितले, की हळदीला बायकांचे गाणे नको. मधेच हसू आले तर आधी तुमचा अर्ज भरावा लागेल. ही बातमी धनुबाईंपर्यंत पोहोचली, आणि त्यांच्या कमरेच्या पिशवीतून मला तो फोन आला: "गानं तुन्हं शे ना, रती? मंग हयदले तूच म्हन. मी टाया वाजाडसू." मी समजावू लागलो, की नियमाप्रमाणे शुद्धीकरण हीसुद्धा एक निर्मिती ठरू शकते. त्यावर त्या जे म्हणाल्या ते आपण शेजारी बसून ऐकले असेल. आणि घरात रुपाने जाहीर केले, "आबा, धनुमाय नही गानी, ते मी हयदले बसनार नही." तेव्हापासून ती मला चहा देते, परंतु कप ठेवताना बोलत नाही. हळद अक्षय्य तृतीयेनंतर, म्हणजे आपल्या आखाजीनंतर, चौथ्या दिवशी आहे. पत्रिका वाटून झाल्या आहेत. मांडव, मंडळी, सारे ठरले आहे. फक्त गाणारी रुसली आहे, आणि ती गायली नाही तर नवरी पाटावर बसत नाही.

मी हा पेच वर्गात तात्त्विक उदाहरण म्हणून, नावे न घेता, मांडला. (नावे सर्वांना ठाऊक होती. पेढे खाल्ले होते.) जहीरभाई सुपारी कातरीत म्हणाले, "रतिलालभाई, कपडा गिऱ्हाईक का, सिलाई मेरी. मेरा नाम लगता था, लेकिन कॉलर के अंदर, इत्तासा. तुमने तो पीठ पे छाप दिया!" वर्ग हसला. मीही, सभेचा मान राखून, अर्धे हसलो. मग मी ममताबाईंना विचारले की कायद्याने मालक कोण. त्या म्हणाल्या की ते धनुबाईंना विचारा. धनुबाईंचे म्हणणे आपल्याला माहीत आहे: चाल त्यांच्या सासूबाईंची, सासूबाईंना ती त्यांच्या आत्याने दिलेली, आणि मांडवात गाताना 'दात ऱ्हायना हातमा' ही ओळ कोण्या पाहुणीने मागून टाकली, ती कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. असल्या गाण्याचा रकाना भरावा तरी कसा? त्यात एवढ्या बाया मावणार नाहीत, आणि त्यांपैकी निम्म्यांची नावेही कुणी कधी विचारलेली नाहीत. मी त्या गाण्यात काय घातले, हे रात्रभर नव्हे, भर दुपारी, कागदावर मांडून पाहिले. 'उपनेत्र' हा शब्द घातला. एवढेच निघाले.

तक्रार मागे घेण्याची सोय आहे. एक कळ दाबावयाची आणि कारण लिहावयाचे. मी कारण म्हणून साडेतीन पानांचे निवेदन तयार केले, ज्यात तंत्रज्ञानाचा वेग, रकान्यांची अपुरी संख्या आणि फुलाच्या चित्राआड लपणाऱ्या व्याह्यांचे वर्तन यांचा समतोल परामर्श घेतला. ते त्या चौकटीत बसले नाही. ममताबाई म्हणाल्या, "आजोबा, तीन शब्द पुरतात. माझी चूक झाली." दाजी, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे तीन शब्द मी वाक्यात कधी वापरलेले नाहीत. त्यांचा क्रम मला सवयीचा नाही. या प्रश्नाचा मी सर्व बाजूंनी विचार करीत आहे. तोवर आपण वडीलकीच्या नात्याने धनुबाईंची समजूत घालावी, त्यांना हळदीला आदल्या दिवशीच घेऊन यावे, आणि हा विषय माझ्या बाजूने फारसा ताणू नये, इतकीच विनंती. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आपल्या गुडघ्यास आराम.

आपला नम्र,
रतिलाल पाटील
(चौथी उत्तीर्ण, सध्या पुनश्च विद्यार्थी)

ता. क. वर 'विचार करीत आहे' असे लिहिले, ते सोमवारी लिहिले होते. शनिवारी वर्गात कळ दाबली. तीन शब्द लिहिले. जहीरभाईंनी चष्मा पुसण्याचे निमित्त करून दुसरीकडे पाहिले, हा त्यांचा मोठेपणा. माझ्या चित्रणाखालचे माझे नाव आणि शुद्ध अक्षरे, दोन्ही काढून टाकली. आता तेथे 'धनुबाई आणि मांडवातल्या सगळ्या बाया' असे आहे.

ता. क. दुसरा. नवनीतभाईंचे चित्रण परत आले. मातोश्री काल दुपारी झोपल्या. परंतु नवनीतभाई फोनवर म्हणाले, "गानं उनं, पन आते हसू येत नही." हे मात्र कोणत्याही कळीने परत येण्यासारखे दिसत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्राचे खरे कारण. हळदीला व्याह्यांनी हसावे, असे वाटत असेल तर गाणे आता त्यांच्यावर नको. ते माझ्यावर हवे. धनुबाईंनी नवरीच्या आजोबांवर चार ओळी रचाव्यात, सर्वांसमोर म्हणाव्यात, आणि व्याह्यांनी त्या हव्या तितक्या चित्रित करून हव्या तेथे पाठवाव्यात. माझी हरकत नाही, हे लेखी समजावे. मात्र तीन गोष्टी गाण्यात कदापि येऊ नयेत. एक, सोसायटीच्या सभेत 'मला खुर्चीचा मोह नाही' असे म्हणत असतानाच माझी खुर्ची मोडली, ती. दोन, स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकातील चूक दाखविण्यासाठी मी भटजींना थांबविले आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, ती. तीन, साखरपुड्याला मिशीला लावलेला कलप उन्हाने उतरून सदऱ्यावर आला, ती. यांतील एखादी धनुबाईंना आठवत नसेल तर आपण नीट आठवण करून द्यावी, म्हणजे टाळता येईल. भाषा त्यांची त्यांनी ठेवावी. मी कानामात्रेलाही हात लावणार नाही. फक्त 'कोनी एक म्हातारा' असे म्हणून भागवू नये. नाव घ्यावे. पहिल्याच ओळीत, ठसठशीत, मागच्या रांगेतल्या व्याह्यांनाही ऐकू जाईल असे.