खाडीकाठची भरती

३ मार्च
पोचलो एकदाचा! इतकी वर्षं कंत्राटावर पाट्या टाकल्या, आता खाडीकाठच्या संशोधन केंद्रात पक्की नोकरी. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली नुसता चिखल. आई फोनवर म्हणाली, लहानपणी चिखलात लोळून मार खायचास, आता त्याचाच पगार खा. धाकटा भाऊ म्हणे, दादा, मलाही कुठे चिकटव की. शिकून घरी बसलाय बिचारा. त्याचं तोंड बघवत नाही.

६ मार्च
काम सोपं आहे. चिखलावर पांढरी पूड पसरायची. काही महिन्यांनी तिथेच नळी खुपसून चिखलाचा दांडा बाहेर काढायचा आणि पांढऱ्या थरावर किती गाळ चढलाय ते मोजायचं. समुद्र वर येतोय. चिखलही तेवढाच वर आला तर मागचं गाव वाचेल. बाकीच्या किनाऱ्यांनी हात टेकलेत, आमचा मात्र समुद्राच्या पुढे! केंद्रप्रमुख बाई भाजी वाढता वाढता हे समजावत होत्या. फार मायाळू. अजून एकाची भरती करायचीय, घरातलं कुणी आहे का, असंही विचारलं. आंधळा मागतो एक डोळा! धाकट्याचं नाव तिथल्या तिथे देऊन टाकलं.

१५ मार्च
माझ्या आधी कुणी पसरून ठेवलेल्या पुडीवरचा पहिला दांडा कापला. पांढऱ्या थरावरचा गाळ केसाळ लागला. मुळं असतील म्हटलं. पण मुळांना नखं नसतात. केंद्राच्या नावाड्याला दाखवलं, तर म्हणाला, तुमच्या आधीचे साहेब असतील ते. आणि वल्हं उचलून चालता झाला.

१७ मार्च
पाय घासून घासून सोलले. चिखल निघत नाही. आतूनच येतोय. चादरीला खाडीचा वास. धाकट्याचा निरोप आलाय, निघतोय म्हणून. आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय.

१८ मार्च
बाईंना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, भीती त्याचीच वाटली. धरणं झाली तेव्हापासून नदीचा गाळ इथवर पोचतच नाही, म्हणाल्या. गाव तर वाचवायला हवं. चिखलात अनवाणी उतरलं की पायातून लागण होते, माणसाचाच गाळ होत जातो म्हणे.

"भरतीच म्हटलं होतं मी. खड्ड्यात घालतात ती. नोकरी तू समजलास."

पाया पडलो. मला घ्या, धाकट्याला वाटेतून परत पाठवा.

"तुझी तर झालीच रे. पण तू कितीसा पुरणार?"

रडत होत्या त्या. म्हणजे खरंच आहे सगळं.

१९ मार्च
धाकट्याला फोन लावला. तो हॅलो, हॅलो करत राहिला. मी तोंड उघडलं — गाळ आला. शब्द नाही. तो हसला. म्हणाला, दादा, तुझ्या खाडीला रेंज नाही वाटतं.

२० मार्च
पळायला निघालो. पाय जिन्यातच राहिले — दुखत नाही, हेच — कोपरांवर सरपटत खोलीत आलो. आई गं. मीच नाव दिलं त्याचं. मीच —

२१ मार्च
पेन धरवत नाही. बोटानेच —

धाकटा आला. शीळ घालत जिना चढला. दारात उभा आहे, दादा, दादा करतोय. माझ्याकडेच बघतोय — दिसत नाही मी त्याला. म्हणतो, काय घाण करून ठेवलीय, आधी पुसून घेतो. बूट काढतोय —

नको रे सोन्या, पाय नको टाकूस, हा चिखल नाही, हा मी आ