भलत्याच नाटकाला जोडलेल्या ओळी

सर, तुम्ही जाऊन पाच वर्षं झाली तरी तुमच्यामुळे होणारा ताप काही संपत नाही. इथे सिडनीत आमच्या मराठी मंडळाचं वर्षातून एक नाटक असतं. एकदा बोलण्याच्या भरात मी सांगून बसले, की जुन्या इंग्रजी रंगभूमीवर नाटकाआधी एक नट पुढे येऊन पद्यात प्रेक्षकांना चुचकारायचा, टोमणे मारायचा, आणि नाटक संपल्यावर पुन्हा कुणीतरी येऊन पद्यातच टाळ्या मागायचं. झालं! तेव्हापासून दर वर्षी तो प्रोलॉग आणि एपिलॉग माझ्या गळ्यात. दिवसभर पॅरामॅटाला आयटी सपोर्टमध्ये मान मोडायची आणि क्वेकर्स हिलला घरी येताना ट्रेनमध्ये यमकं जुळवायची. यंदा सेक्रेटरीबाईंचा फोन आला, "अगं, प्रोलॉग मस्त झालाय, पण सगळे फुल टाइम जॉब करून प्रॅक्टिस करतायत, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या असं आधीच टाक ना. सॉरी म्हटलं की पब्लिक पण नो वरीज म्हणतं." मी फोन ठेवला आणि भांडी आदळत बसले.

कारण मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. कॉलेजच्या नाटकासाठी मी पहिला प्रोलॉग लिहिला आहे. काकू कांदा चिरतायत आणि तुम्ही टेबलावर माझा कागद पसरून लाल पेनाने ओळीवर ओळ खोडताय. "आम्ही लहान, आमचं चुकेल, हे काय रडगाणं? माफी मागायची तर ऐटीत माग. तिकीट काढून आलेला माणूस तुझी कीव करायला आलेला नाही." माझे डोळे भरून येतात. काकू म्हणतात, "अहो, पुरे की आता," तशी तुम्ही पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवता, पण पेन काही खाली ठेवत नाही. त्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, की जुन्या काळी या प्रोलॉग-एपिलॉगच्या कविता बऱ्याचदा सुट्या कागदावर, पहिल्या खेळापुरत्या, दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या असायच्या. म्हणून हरवायच्या, नाही तर भलत्याच नाटकाला जोडल्या जायच्या. मला तेव्हा ती माणसं फार निष्काळजी वाटली होती.

तुम्ही गेलात तेव्हा ऑनलाइन शोकसभेत चार ओळी वाच, असं काकू म्हणाल्या. "त्यांना तुझंच आवडलं असतं." चारच्या सोळा झाल्या, पण प्रत्येक ओळीवर मला तुमचं लाल पेन दिसायला लागलं. मेलात तरी धाक जाईना! मी काकूंना कळवलं, शिफ्ट आहे, जमणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे गं." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

यंदा एपिलॉग काही केल्या होईना. शो शनिवारी आणि गुरुवारी कागद कोरा. शेवटी तुमच्यावरच्या त्या सोळा ओळी काढल्या, 'सर' होतं तिथे 'रसिकहो' घातलं आणि पाठवून दिल्या. निरोपच तो, कुणाला काय कळणार? नायिका झालेली मुलगी इथेच जन्मलेली, सगळं रोमन अक्षरांत लिहून पाठ करते. शाळेच्या हॉलमध्ये ती पुढे आली आणि तेराव्या ओळीला खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, आता उठा, आम्ही दिवे मालवतो." तो एक 'सर' माझ्या नजरेतून सुटला होता. पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांना वाटलं, आपल्यालाच सांगतेय. ते उठले, हात जोडले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "अहो, बसा खाली, ते तुमच्यासाठी नाही," असं ओरडावंसं वाटलं मला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काय मान दिलास गं पाहुण्यांना! एकदम खूश आहेत." मी थँक्स म्हटलं. मग गाडीत बसून रडले, पाच वर्षांत पहिल्यांदा.

त्या ओळी काकूंना पाठवायला हव्यात, हे मला कळतं. हे पत्रही त्यांच्याच पत्त्यावर जाऊ शकतं. पण मी ते पाठवणार नाही, कारण मग हेही सांगावं लागेल, की त्या दिवशी मला शिफ्ट नव्हती. मी घरीच होते, कागद हातात घेऊन.