वेशीचं काम आपलंच

३ फेब्रुवारी, सोमवार. बार्शीटाकळी.
जुन्या इमारती टिकवायचं ट्रेनिंग आजपासून सुरू. गावाबाहेरच्या पडक्या सरायीच्या भिंतीवर हातानं चुना लावून शिकायचं. मले शिकायचं काहीच नाही. दर्यापूरकडं अर्ध्या घरांचं प्लास्टर माह्याच हातचं. पण आमच्या गावची जुनी वेस दुरुस्त होणार, अन् कमिटी म्हणते, ट्रेनिंग पास झालेल्यालेच काम देऊ. बाहेरचा येऊन आमची वेस नीट करीन तं मी गावात तोंड कसं दाखवू? पानठेल्यावर सांगून बसलो, काम आपल्यालेच भेटलं.
दुपारपर्यंत चुना घोटला. कंबर गेली.

५ फेब्रुवारी
भिंतीचा शेजारचा तुकडा धम्मदीपचा. बडनेऱ्याचा ड्रॉइंग मास्तर. प्लास्टरवर ओलं गोणपाट टाकून दिवसभर पाणी शिंपडते, म्हैस धुतल्यासारखं. म्हटलं, काहून जीव देऊन राहिला? म्हणते, चुना हळूहळू सुकला पाहिजे, दादा.
शिकवणाऱ्या नगमा मॅडम, अकोल्याच्या, त्याही तेच म्हणतात. भिंत श्वास घेते म्हणे. घेऊ दे. इथं माह्याच श्वास फुलून राहिला.
निश्चय: उद्यापासून मीही पाणी मारीन.

६ फेब्रुवारी
नाही मारलं. टाकी लांब आहे.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
माह्यं प्लास्टर वरून तडकलं, आतून अजून लोणी. सोमवारी मॅडम तपासणार. वेस डोळ्यापुढून हलत नाही. इतक्या वर्षांचा एक्स्पीरियन्स आहे, वापरला पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार
डब्यात भाजीच्या जागी पांढरं सिमेंट आणलं. सगळे जेवाले बसले, मी उपास सांगतला. धम्मदीपनं विचारलं, आज कसला? म्हटलं, घरचा आहे. जुनं खरवडलं, नवं चढवलं. चुना नावापुरता. भूक मरणाची लागली, पण फिनिशिंग एक नंबर.

१० फेब्रुवारी
मॅडमनं थापीच्या दांड्यानं ठोकलं. टणटण. माह्या एकट्याचंच वाजलं. छाती फुगली.
मॅडमनं छिन्नी दिली, म्हणाल्या, आता हे काढा.
काढलं. विटेचं तोंड सोबत आलं. आणखी एक वीट. आणखी एक. प्लास्टर काही विटेले सोडेना. मी म्हटलं, मॅडम, स्ट्रेंथ पाहा! मॅडमचे डोळे भरले. म्हणाल्या, इतके उन्हाळे-पावसाळे काढले या विटांनी, अन् तुम्ही दोन दिवसांत मारल्या.
थोडं वाईट वाटलं. खरं तं लयच वाटलं.
फोटो काढून नेला. पुढच्या बॅचले दाखवणार म्हणे. म्हणजे नाव तं राहीन.

१५ फेब्रुवारी
धम्मदीप पास. मी हजर होतो, असं लिहून देणार आहेत. कमिटी समजून घेईन.

१० मार्च
कमिटीनं समजून घेतलं नाही. वेशीचं काम धम्मदीपकडं. रोज बडनेऱ्याहून येते. त्यानंच मले बोलावलं, गावचा माणूस पाहिजे म्हणे. घरी बायकोले, साधनेले सांगतलं, क्युरिंग इन्चार्ज झालो. तिनं विचारलं, म्हणजे पाणी मारणार ना?

१२ मार्च
गोणपाट ओलं केलं. ऊन फार. पानठेला वेशीच्या अगदी समोर आहे, हे आजच ध्यानात आलं. पानठेलेवाल्यानं आवाज दिला, झालं का भाऊ तुमचं काम?
म्हटलं, हळूहळू सुकला पाहिजे.
टाकी इथंही लांबच आहे.