केरूचा हात

६ ऑक्टोबर
सटाण्याहून सकाळीच पोचले. गंगापूर रोडवरच्या या जखमांच्या दवाखान्यात आजपासून मी नर्स. खोली हवेशीर आहे. डॉ. संजना मॅडमनी स्वतः चहा पाजला, मग प्रयोगशाळा दाखवली. रेशमाच्या कोषांतून प्रथिन काढून त्याचं जेल बनवतात. हाताला साबुदाण्याच्या लापशीसारखं लिबलिबीत लागतं. जखमेत भरलं की त्याच्या आधारानं नवी कातडी धरते. आईला फोनवर सांगितलं, काम मनासारखं मिळालं.

९ ऑक्टोबर
दिंडोरीचा केरू आला, सोबत बायको कलाबाई. द्राक्षाच्या छाटणीत तळहात फाटून हाड दिसत होतं. त्याची संमती घेऊन मॅडमनी जेल भरलं, पट्टी मी बांधली. बागेत परत कधी जाता येईल, एवढंच तो विचारत होता.

११ ऑक्टोबर
जखम भरली. व्रणसुद्धा नाही. पण दोन बोटं चिकटलीत. जेल वाळलं असेल म्हणून कोमट पाण्यानं सोडवायला गेले, तर मधे जेल नव्हतंच, कातडी होती. आत शीर उडत होती.

१२ ऑक्टोबर
मॅडमनी बोटांमधली कातडी कापून ती मोकळी केली. दुपारपर्यंत चारही जुळली. मोठ्या रुग्णालयात पाठवू, असं मी म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, बाहेर कळलं तर सगळं बंद पडेल. त्यांनी दाराला आतून कुलूप लावलं.

१३ ऑक्टोबर
सकाळी कलाबाईची किंकाळी. केरूनं झोपेत तिचं मनगट धरलं होतं. त्याचा पंजा तिच्या मनगटात रुजलाय.

केरूनं ट्रेमधली कात्री स्वतःच्याच हातावर चालवली. "ताई, हिला सोडवा आधी. माझं काय बी होऊ द्या." हाडाशी कात्री अडली. मांस पात्यांवरच मिटलं.

मॅडम करवत घेऊन धावल्या. झटापटीत केरूचा दुसरा, रक्ताळलेला हात त्यांच्या तोंडावर पडला — नाक, ओठ, सगळं धरलं. त्या पाय आपटत होत्या. मी ओढलं. गाल फाटून आला, तोंड सुटलं नाही. आता हलत नाहीत.

ओढताना माझा हातमोजा फाटला, तोल जाऊन कलाबाईचा दंड धरला —

डाव्या हातानं लिहितेय. उजवा कलाबाईच्या त्याच हाताच्या दंडात रुजलाय. तिची नाडी माझ्या बोटांत लागतेय. १०८ ला फोन केलाय, पण दाराला आतून कुलूप, तिथवर पोचता येत नाही — केरूचा श्वास थांबला. त्याचा हात अजून वाढतोय. कलाबाईच्या कोपराकडे सरकतोय.

करवत हाताशी आहे. कलाबाई म्हणते, "पोरी, माझा हात काप. तू सूट."

पेन ठेवते. तिचा हात खांद्यापासून काप