मुलांनी काढलेली यादी

रत्नागिरी, गुरुवार, वैशाख वद्य पंचमी, शके १८५३

आज जीव थाऱ्यावर नाही. सुट्टीला आलेल्या कॉलेजच्या मुलांसाठी धर्मवर्ग मीच सुरू केला. शिकून पोरांनी घरच्या रीती विसरू नयेत, एवढाच हेतू. तो आजही खोटा वाटत नाही.

पण संध्याकाळी ओटीवर वर्गातला दत्तू जोशी बाकीच्या मुलांशी कुजबुजत होता, ते मी माजघरातून ऐकले. "यादीत सर्व जातींच्या सहभोजनाला गेलेले सात झाले. आता जुने हुडकू. गलबतावर कोण कुणाच्या हातचं जेवलं, ते नाखवे सांगतील. अशांना पंगतीत पान मांडायचं नाही."

उमेदीची चार वर्षे मी दाऊद नाखव्याच्या गलबतावर काढली. त्याच्याच हातचा भात जेवलो. आज जो काही आहे तो त्या भातावर. आणि पंधरवड्याने माझ्या लेकीचे लग्न! दाऊदला गप्प राहा म्हणू? कुठल्या तोंडाने? मुलांना अडवू? का अडवता, असे विचारतील. तो भात मात्र गोड होता.

निघताना दत्तू हसत म्हणाला, "काका, उद्या भाट्याला दाऊद नाखव्याकडे जातोय. तुमची ओळख आहे म्हणे. चला की!"

मीही हसलो. येतो म्हणालो.