नवरा तिचा, नंबर माझा

३ नोव्हें., सोम.
वसुलीवाल्याचा फोन. शिवणाच्या मशीनवर बसली होती. "आपके हजबंड की वाइफ का हॉस्पिटल बिल बाकी है." म्हटलं, वाइफ मीच बोलून राहिली अन् चांगली धडधाकट आहे. त्यानं नाव वाचलं. वंदना, दवनीवाडा.
लग्नाआधी हे जिला पाहून आले होते, तीच. नकार तिच्या बापाचा होता, यांचा नव्हता. सासूनं पहिल्याच वर्षी कौतुकानं सांगितलं होतं.

४, मंगळ.
यांनी कबूल केलं. पोळ्याच्या सुमारास सिलेंडरचा टेम्पो घेऊन तिकडे गेले होते. वंदनाचं अपेंडिक्स फुटलेलं, तिचा नवरा सुरतेला, तिची सासू रस्त्यावर रडत. टेम्पोत घालून गोंदियाला आणलं. नवऱ्याच्या सहीशिवाय ऑपरेशन नाही म्हणाले, तर यांनीच नवरा म्हणून ठोकली सही.
"मरू द्यायची होती का?"
नाही. पण मले सांगायला काय झालं होतं? इतके दिवस काऊन लपवलं?
घरचा नंबर मागितला तर तोंडात माझाच आला म्हणे. वा रे वा. नवरा तिचा, नंबर माझा.

६, गुरु.
रोज फोन. आता घरी माणूस पाठवतो म्हणे. हे म्हणतात, बिलच खोटं आहे. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, सुटीच्या कागदावर पेशंटनं भरायचे शून्य छापलं आहे. कागद वंदनाकडे. मीच फोन केला. "मी येते ना, ताई." ताई म्हणे. आवाज गोड आहे मेलीचा.

१०, सोम.
तिघं हॉस्पिटलात. ती धानकापणी सोडून आली, हातावर ओरखडे, तरी दिसते चांगली. मी उगाच निळी साडी नेसली. बिलिंगवाल्याशी मीच भांडली. हे दोघं बाकावर, मधे जागा सोडून. जागा काऊन सोडली तेही समजते मले.
शेवटी मानला तो. योजनेतून पैसे आलेले, तरी बिल चुकून वसुलीत गेलं. फाईल बंद करतो, पण पतीची सही दुसऱ्याची आहे, ते दुरुस्त करावं लागेल. "यांचं नातं काय लिहू?"
वंदना पटकन म्हणाली, "भाऊ लिवा."
देवाशपथ, तिले पोटाशी धरावंसं वाटलं.
अन् हे म्हणतात, "भाऊ नको. ओळखीचे लिहा."

११, मंगळ.
भाजीत मीठ टाकलं नाही, तशीच खाल्ली यांनी. मग विचारलंच, भाऊ काऊन नको?
"खोटं एकदा लिहून पाहिलं ना. केवढ्यात पडलं."
उत्तर बरोबर आहे. मले पटत नाही.

१३, गुरु.
फाईल बंद म्हणाले होते, तरी सकाळी तोच नंबर. स्पीकर लावून फोन यांच्यापुढे ठेवला.
"पेशंट के हजबंड बोल रहे हैं?"
हे बशीतला चहा फुंकून राहिले. मी यांच्या तोंडाकडे पाहून राहिली, हो म्हणतात का नाही.